खाली (शब्द)

खाली हे मराठीतील स्थलवाचक अव्यय असून एखादी वस्तू दुसरीच्या तुलनेत कमी उंचीवर असल्याचे ते दर्शविते. ‘वर’ हा त्याचा विरुद्धार्थी शब्द होय. ‘मांजर खाली बसले’ यात ते क्रियाविशेषण अव्यय आहे. ‘मांजर झाडाखाली बसले’ यात नामाच्या सामान्यरूपाला जोडून आल्याने ते शब्दयोगी अव्यय ठरते. शब्दयोगी अव्यय जोडूनच लिहितात. ‘झाडा खाली’ हे लेखन अशुद्ध होय.

तळाशी, बुडाशी, पायथ्याशी व संस्कृत ‘अधः’ हे त्याचे समानार्थी शब्द मानले जातात, परंतु ते सर्वत्र एकमेकांच्या जागी चालत नाहीत. गाळ विहिरीच्या तळाशी साचतो, विहिरीखाली नव्हे. गाव डोंगराच्या पायथ्याशी वसते. ते ‘डोंगराखाली’ आहे म्हटल्यास दरडीने गाडले गेले, असा भलताच अर्थ निघू शकतो. ‘अधः’ मराठीत स्वतंत्रपणे क्वचितच येतो. अधोरेखित, अधोगती अशा शब्दांतून मात्र तो रूढ आहे.

लाक्षणिक अर्थाने हाताखाली (अधिकारात), नजरेखालून घालणे (तपासून पाहणे), मान खाली घालणे (शरमणे), जीव खालीवर होणे (कासावीस होणे) असे प्रयोग आढळतात.

‘रिकामा’ या अर्थाचा ‘खाली’ हा अरबी मुळाचा, सर्वस्वी निराळा शब्द आहे. ‘खोली खाली करणे’ यात तोच येतो. त्रितालाच्या 16 मात्रांपैकी नवव्या मात्रेवरील टाळीविरहित ‘खाली’ही त्यातलीच. त्यामुळे मुंबईच्या दुमजली बसमध्ये ‘खाली जागा आहे’ हे वाक्य द्व्यर्थी ठरू शकते.