वैलावरची वीज

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला गेलं, की जुन्या बंगल्यांत भिंतीतली शेगडी दिसते. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८२८च्या सुमारास, तिथं इंग्रजांनी थंड हवेचं ठाणं वसवलं. साहेबाला विस्तव हवा होता, धूर नको होता. म्हणून धुराडं आलं. घाटाखाली, महाड-पोलादपूरच्या घरांत धुराडं नव्हतं, आणि ते केवळ गरिबीमुळे नव्हे. खाली धूर लागायचा.

चुलीच्या वर माळा. त्यावर बियाण्याचं भात, आमसुलं, सुकी मासळी. धूर वाशांना आणि बांबूंना माखत वर चढायचा, कीड दूर ठेवायचा आणि कौलांच्या फटींतून निघून जायचा. १८६५ मध्ये बासेल मिशननं मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, पुढे नळीची कौलं मागे पडली, पण धुराची वाट तीच राहिली. सावित्रीच्या खोऱ्यातला पाऊस चार महिने हलत नाही. कपडे, माणसं आणि पुढच्या दिवसाचं सरपण, सगळं त्या एका चुलीपाशी वाळायचं. वैलावर पाणी तापत असायचंच.

याची किंमत भरायची ती फुंकणी तोंडाला लावणाऱ्या बाईनं. आजीचे डोळे मला आठवतात ते ओलेच. तिच्या खोकल्याला आम्ही वय म्हणत असू. (आम्ही म्हणजे घरातले पुरुष.)

उपाय शोधले गेले नाहीत असं नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत मगन चूल झाली, हैदराबादेत एस. पी. राजूंनी निर्धूर चुलीवर काम केलं, १९८३-८४ पासून केंद्र सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालवला. पण पाइपात काजळी साचली की धूर उलटा घरात येतो, आणि तो पाइप साफ करण्याचं काम पुन्हा त्याच बाईकडे. शिवाय धूर पाइपातून गेला तर माळ्याचं काय, हे कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

विजेची गोष्ट तर आणखी वाकडी. चवदार तळ्याचा सत्याग्रह महाडात झाला त्या १९२७ सालीच याच जिल्ह्यात भिऱ्याचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. पाणी मुळशीचं, बुडालेली गावंही मुळशीची, आणि वीज मुंबईला.

आमच्या घरी सिलिंडर पोलादपूरहून चढवून आणावा लागे, म्हणून २०१४ मध्ये इंडक्शन घेतलं. चूल मोडली नाही. तिच्या तोंडात जांभ्याचे तुकडे भरले, वैलावर लादी बसवली आणि तिच्यावर ते यंत्र ठेवलं. ते भांड्याचा बूडच तापवतं, तोही लोखंडाचा किंवा चुंबक चिकटेल अशा स्टीलचा. आजीची पितळी आणि ॲल्युमिनियमची भांडी माळ्यावर गेली. काकूचा खोकला उतरला. तीन पावसाळ्यांनी वाशांतून भुसा गळायला लागला.

२२ जुलै २०२१ला सावित्री-गांधारी महाडात शिरल्या. आमचं गाव उंचावर, पाणी आलं नाही, पण वीज गेली, रस्ता बंद झाला, सिलिंडर रिकामा होता. काकूनं लादी उचलली, कोयत्यानं दगड उकरून काढले, माळ्यावरचं जुनं सरपण उतरवलं.

वीज आल्यावर लादी परत बसवली. दगड मात्र पडवीतच पडून आहेत.