जंतूंची हातमिळवणी
"मी अँटिबायोटिकचा डोस कधी चुकवत नाही, मग मला कसली भीती?" असं कमेंटमध्ये एकाने विचारलंय. उत्तर जपानच्या इतिहासात आहे.

१९५० नंतर तिथे रक्ती आवेचे शिगेला जंतू एकदम चार औषधांना दाद देईनासे झाले : सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल. चार बदल एकाच जंतूत, तेही योगायोगाने? पटण्यासारखं नव्हतं. १९५९ मध्ये ओचिआइ आणि अकिबा यांनी उलगडा केला. आतड्यातला ई. कोलाय शिगेलाला चिकटतो आणि ही ताकद त्याला देऊन टाकतो!

जंतू जीन देतात-घेतात हे अमेरिकेत लेडरबर्ग आणि टेटम यांनी १९४६ मध्येच दाखवलं होतं. पुढे बर्नार्ड डेव्हिसने मधे बारीक गाळणी बसवली. द्रव आरपार, जंतू मात्र अडलेले, देवाणघेवाण ठप्प. म्हणजे स्पर्श हवाच.

जपानी निबंध बाहेर फारसे कुणी वाचले नाहीत. १९६३ मध्ये वातानाबेंनी इंग्रजीत लिहिलं, तेव्हा जग जागं झालं. (भाषेचं हे दुखणं आपल्या ओळखीचंच.)

२०१५ मध्ये चीनमध्ये कोलिस्टिनला पुरून उरणारा, असाच जंतूंत फिरणारा जीन सापडला. ते शेवटच्या फळीतलं औषध. आपल्याकडे ते कोंबड्यांना सर्रास द्यायचे. बंदी आली २०१९ मध्ये.