मिसर ते बेथेल : एका मुक्तिकथेची मराठी वाट

मिसर देशाच्या दास्यातून देवाने इस्राएलाची केलेली सुटका ही ज्यू आणि ख्रिस्ती या दोन्ही परंपरांची पायाभूत कथा. ती मराठी मुलखात आली तेव्हा कोणी तिच्यात स्वतःला पाहिले, हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

बेने इस्रायल समाजाने ती स्मृती म्हणून जपली. १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह सचित्र 'हगादा' छापली गेली. वल्हांडणाच्या रात्री घरोघरी वाचल्या जाणाऱ्या या पोथीचा दंडक असा, की प्रत्येक पिढीतील माणसाने आपण स्वतःच मिसरातून बाहेर पडलो असे मानावे. तीत मोशेचे नाव जवळजवळ येतच नाही. सोडवणारा देव आणि सुटलेला वाचक. मध्ये नायक नाही.

जालन्यात चित्र वेगळे होते. जन्माने ब्राह्मण असलेले नारायण शेषाद्री १८४३ मध्ये ख्रिस्ती झाले. स्कॉटिश मिशनचे पाळक म्हणून १८६०च्या दशकात त्यांनी तेव्हाच्या निजामी राज्यात, जालन्याजवळ, मुख्यतः मांग समाजातून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी 'बेथेल' हे गाव वसवले. बेथेल म्हणजे देवाचे घर. घर सोडून पळालेला याकोब धोंडा उशाला घेऊन जिथे निजला आणि 'ही भूमी तुझी' असे वचन त्याला जिथे मिळाले, ते हे ठिकाण. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांच्या वस्तीला हे नाव मिळणे अर्थपूर्ण आहे. सुटका जमिनीवाचून पुरी होत नाही, हे मूळ कथेतही आहेच.

१८७३ साली शेषाद्री न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत बोलले. त्याच वर्षी, पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती दास्यविमोचन करणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केली. फुल्यांचा भर निराळा : स्वातंत्र्य हे निर्मिकाने जन्मतःच दिलेले असते, गुलामगिरी ही त्या देण्याची चोरी. ती ओळखणे ही सुटकेची पहिली पायरी.

बेथेलची गोष्ट मात्र आपण आजही शेषाद्रींच्या नावाने सांगतो. मुक्त झालेली कुटुंबे त्या वाक्यात कर्मपदी राहतात, कर्तेपदी येत नाहीत. हगादेने मोशेला बाजूला ठेवले, त्यामागचे शहाणपण इथे उमगते. मुक्तीची कथा मुक्त झालेल्यांच्या तोंडी येईपर्यंत ती उपकाराचीच कथा राहते. मराठवाड्याचा वाङ्मयेतिहास शिकवताना हा कर्ता शोधणे आम्हाला अगत्याचे वाटते.