खरी नक्कल

'खरी' आणि 'नक्कल' हे दोन शब्द ज्याने प्रथम एकत्र आणले, तो एक तर सरकारी नोकरीत असला पाहिजे किंवा विनोदी लेखक तरी. आमच्या बँकेत या शिक्क्यावाचून पान हलत नाही. त्यामुळे गाण्याकडेही मी त्याच नजरेने पाहतो. सूर कसा लागला ते जाणकारांनी सांगावं. मी कॉमर्सचा पदवीधर, मूळ प्रत कुठे आहे एवढंच विचारतो.

गाण्याच्या बाबतीत हा प्रश्न बरीच वर्षं अवघडच होता. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग नावाचा साहेब कलकत्त्यात भोंगा मांडून बसला आणि गौहरजानबाई त्यात गायल्या. तबकडीवर जागा जेमतेम तीन मिनिटांची. तेवढ्यात गाणं बसवून बाईंनी शेवटी इंग्रजीत स्वतःचं नावही पुकारलं! म्हणजे यंत्राच्या आधी गाणाऱ्यालाच काटछाट करावी लागली. पुढे कॅसेटी आल्या. पहिलीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी; दर पिढीला खरखर वाढायची आणि गाणं मागे सरायचं. आमच्या घराण्यात अक्कलही अशीच उतरत आली, असं आमच्या सौभाग्यवतींचं मत आहे.

१९८२ मध्ये सीडी आली आणि गाण्याचे आकडे झाले. सेकंदाला ४४,१०० नोंदी, त्याही दोन्ही बाजूंच्या वेगळ्या! मिनिटाला सुमारे दहा मेगाबाइट. एवढी खातेवही ठेवायची कुठे?

जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या कार्लहाइन्त्स ब्रान्डेनबुर्ग वगैरे मंडळींनी तोड काढली. मोठ्या आवाजाशेजारचा बारीक आवाज कानाला कळतच नाही. साहेब बोलत असताना शिपाई काय पुटपुटला, हे कुणाला ऐकू येतं? मग ते लिहायचं कशाला? सुझान वेगाबाईंचं साथीशिवायचं 'टॉम्स डायनर' त्यांनी कसोटीला घेतलं. सुरुवातीला बाईंचा आवाज पार बिघडला, पण तेच पुन्हा पुन्हा ऐकून त्यांनी गणित सुधारलं. १९९५ मध्ये या फायलींना 'एमपी३' हे शेपूट लागलं. दहा मेगाबाइटचं मिनिट एका मेगाबाइटात बसू लागलं, पण शिपायाचं म्हणणं कायमचं गेलं.

२००१ मध्ये जोश कोलसन यांचं 'फ्लॅक' आलं. ही खरी कारकुनी पद्धत! पुढचा आकडा काय येईल याचा अंदाज बांधायचा आणि प्रत्यक्षातला फरक तेवढा लिहायचा. उलटी बेरीज केली की पै न् पै जुळते. जागा निम्म्याच्या आसपास लागते आणि मूळ ध्वनीचा ताळा फायलीतच असतो.

आमच्याकडे आजीच्या ओव्यांची १९८६ ची एक कॅसेट आहे. आजी गाते आहे, मागे स्टोव्ह फरफरतो आहे आणि आई भाकरी थापते आहे, तिच्या बांगड्या वाजताहेत. आई आता नाही. तिची ध्वनिमुद्रित अशी तेवढीच चीज घरात आहे. एमपी३ च्या हिशेबी आजी साहेब आणि बांगड्या शिपाई.

चिरंजीव म्हणाले, "बाबा, एमपी३च ठेवा ना. लागलं तर पुढे फ्लॅक करू." मी म्हटलं, "अरे, फाटक्या नोटेला कोरा कागद जोडला तर नोट मोठी होते, रक्कम होत नाही." एमपी३ चं फ्लॅक केलं की फाइल फुगते, गेलेलं काही परत येत नाही.

म्हणून मी दोन कप्पे केले आहेत. 'मूळ'मध्ये फ्लॅक, त्याची एक डिस्क माझ्याकडे, एक सांगलीला ताईकडे. 'वापर'मध्ये त्यावरूनच काढलेल्या एमपी३, फोनवर न्यायला. त्या उद्या पुसल्या तरी परवा पुन्हा काढता येतात. एमपी३ वरून एमपी३ मात्र काढायची नाही. झेरॉक्सच्या झेरॉक्सवर मी बँकेतही सही करत नाही.

परवा ताईचा फोन आला. "ओव्या छान ऐकू येतात रे. तेवढा तो स्टोव्ह कमी करता येईल का?"

"येईल की," म्हटलं, "'वापर'मधला."