पासपोर्टवाटपाची कुळकथा

1991च्या डिसेंबरात सोव्हिएत संघ विसर्जित झाला, तरी त्याचे पासपोर्ट लोकांच्या हाती राहिले. 1974च्या नमुन्याच्या त्या पुस्तिकेला मुदतच नसे. वयाच्या 25व्या आणि 45व्या वर्षी नवे छायाचित्र चिकटवले की ती जन्मभर चाले. मात्र 1992-93च्या युद्धात जॉर्जियापासून फुटून निघालेल्या अबखाझियात तिच्यावर परदेशी जाणे दुरापास्त झाले, कारण ती देणारे राज्य उरले नव्हते, नव्या राज्याला मान्यता नव्हती आणि जॉर्जियाचे कागद घेणे तेथील बहुतेकांना शरणागतीसारखे वाटे. फुटीर प्रदेशातील रहिवाशांना सरसकट आपले नागरिकत्व देण्याचे तंत्र, म्हणजे पासपोर्टीकरण, या खऱ्याखुऱ्या अडचणीवर पोसले गेले. ते निव्वळ मॉस्कोचे कारस्थान मानले, तर लोकांनी ते इतक्या उत्सुकतेने का स्वीकारले याचा उलगडा होत नाही.

डिसेंबर 2000 मध्ये रशियाने जॉर्जियाच्या नागरिकांना व्हिसा सक्तीचा केला, पण अबखाझिया आणि जॉर्जियाचाच दुसरा फुटीर प्रदेश दक्षिण ओसेशिया यांना त्यातून वगळले. 2002च्या उन्हाळ्यात अबखाझियात जुन्या पुस्तिका गोळा करून रशियन अधिकाऱ्यांकडे पाठवण्याची मोहीमच निघाली, तर 1 जुलैपासून लागू झालेल्या रशियाच्या नव्या कायद्याने, कोणत्याच देशाचे नागरिकत्व न मिळालेल्या माजी सोव्हिएत नागरिकांना रशियात वास्तव्य न करताही रशियन होण्याची वाट मोकळी ठेवली. जॉर्जियाने मात्र 1993च्या कायद्यानेच या रहिवाशांना आपले मानले होते. रशियन पासपोर्टामागोमाग रशियन निवृत्तिवेतन आले, आणि वृद्धांच्या घरी तेच अधिक मोलाचे ठरले.

या नागरिकत्वाचा लष्करी उपयोग ऑगस्ट 2008 मध्ये दिसला: दक्षिण ओसेशियात सैन्य धाडताना राष्ट्राध्यक्ष मेदवेदेव यांनी रशियन नागरिकांच्या रक्षणाचे घटनादत्त कर्तव्य पुढे केले. स्विस मुत्सद्दी हायडी टाग्लियाव्हिनी यांच्या नेतृत्वाखाली युरोपीय संघाने नेमलेल्या चौकशी मंडळाने 2009 मध्ये हे सरसकट नागरिकत्वदान आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्ध ठरवले. युद्धाला तोंड दक्षिण ओसेशियाची राजधानी त्स्खिनवाली हिच्यावरील जॉर्जियाच्या तोफमाऱ्याने फुटले, हेही त्याच अहवालात आहे.

24 एप्रिल 2019 रोजी पुतिन यांनी दोनेत्स्क आणि लुहान्स्क येथील फुटीर भागांच्या रहिवाशांसाठी असाच सुलभ मार्ग फर्मानाने खुला केला. हे लोक युक्रेनचे नागरिक होते. अबखाझियात पुढे केलेले राज्यविहीनतेचे कारण, म्हणजे कोणत्याच देशाचे नागरिक नसणे, येथे सांगण्याचीही गरज उरली नव्हती.