उपवास, पारणें आणि मनाचा ताठरपणा

सोलापूर जिल्ह्यास उपासमार या शब्दाचा अर्थ इतिहासानें शिकविलेला आहे. 1876 ते 78 च्या दुष्काळांत सरकारी कामांवरील मजुरांची मजुरी दिवसास एक पौंड धान्याच्या हिशेबानें बसविण्यांत आली, आणि माणसें काम करतां करतांच खंगत गेलीं. आज टेंभुर्णीच्या आसपास उजनीच्या पाण्यावर उंसाचे मळे उभे आहेत. अशा गांवांत एकादी पंधरा वर्षांची मुलगी भरल्या ताटावरून उठून जाऊं लागली, तर वडील मंडळींस तो निव्वळ हट्ट वाटावा यांत नवल नाहीं. परंतु वैद्यकाला हा हट्ट दीडशें वर्षांपासून व्याधि म्हणून परिचित आहे. आणि तो सोडवावा कसा, हें उमगण्यास मात्र त्यास शंभराहून अधिक वर्षें लागलीं.

उपवास आपणांस नवा नाहीं. टेंभुर्णीहून पंढरपूर जवळच. एकादशी घरोघर पाळली जाते. पण व्रतास मुदत असते. द्वादशीस पारणें असतें. या व्याधीला पारणें नाहीं. आज पोळी वर्ज्य झाली, तर उद्यां भात वर्ज्य होतो. नियम वाढतच जातात, आणि एक घांस अधिक गेला कीं सर्व कांहीं नासलें असें त्या कोवळ्या मनास वाटतें. मुलींत ती अधिक आढळते, तरी मुलगे तिच्यापासून मुक्त नाहींत.

1873 सालीं पॅरिस येथें लासेग यानें व लंडन येथें सर विल्यम गल यानें या व्याधीचें वर्णन परस्परांपासून स्वतंत्रपणें केलें. गलनें दिलेलें ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हें नांव अद्याप रूढ आहे. त्याचा शब्दशः अर्थ भूक नसणें असा होतो. वस्तुतः येथें भूक बहुधा मेलेली नसते, दडपलेली असते. रोग्यास ठराविक वेळीं अन्न द्यावें हें गलनें ओळखलें होतें. पण शुश्रूषेच्या कामीं आप्तस्वकीय सर्वांत कुचकामी, असेंही त्याचें मत होतें. पॅरिसच्या शार्कोनें तर मुलीस घरापासून तोडणें हाच मुख्य उपाय मानला. अशा रीतीनें आईबाप पुष्कळ काळ आरोपीच्या पिंजऱ्यांत उभे राहिले.

या विचारास पहिलें मोठें वळण एका निराळ्याच प्रयोगानें मिळालें. 1944-45 मध्यें अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत ॲन्सेल कीज यानें 36 निरोगी तरुणांस त्यांच्या संमतीनें सुमारें सहा महिने अपुऱ्या आहारावर ठेविलें. तत्त्वासाठीं युद्धांत लढण्याचें नाकारलेले हे लोक होते. थोड्याच दिवसांत त्यांच्या मनांत अन्नावांचून दुसरा विषय उरेना. ते पाककृतींचीं पुस्तकें वाचूं लागले, जेवण बराच वेळ लांबवूं लागले, चिडखोर व एकलकोंडे झाले. यावरून दिसून आलें कीं, विचारांचा ताठरपणा हा कांहीं अंशीं उपासमारीचेंच फळ असतो. मनानें शरीर सुकतें, आणि सुकलेलें शरीर मनास अधिकच कडक करतें. अशा मनाशीं केवळ युक्तिवाद करणें म्हणजे तापलेल्या रोग्यास शांत राहण्याचा उपदेश करण्यासारखें आहे.

दुसरें वळण 1987 चें. लंडन येथें जेरल्ड रसेल व त्यांचे सहकारी यांनीं प्रसिद्ध केलेल्या तुलनात्मक प्रयोगांत असें आढळलें कीं, एकोणिसाव्या वर्षापूर्वीं जडलेली व तीन वर्षांहून कमी मुरलेली व्याधि असेल, तर सबंध कुटुंबास घेऊन केलेला उपचार एकट्या रोग्याच्या उपचाराहून अधिक गुणकारी ठरतो. प्रथम आईबापांनीं जेवणाचा कारभार हातीं घ्यावा, आणि प्रकृति सुधारेल तसा तो मुलाकडे परत सोंपवावा, अशी या पद्धतीची रीत पुढें स्थिर झाली. आरोपी म्हणून उभे केलेले आईबापच आतां वैद्याचे सहकारी झाले.

विचारांच्या ताठरपणावर थेट इलाज मागाहून आले. लंडन येथेंच केट चँटुरिया यांनीं या शतकाच्या आरंभीं एक पद्धति या रोग्यांसाठीं घडविली. तींत अन्नाचा विषयच काढीत नाहींत. एका चित्रांत दोन आकृति पाहणें, नेहमींची वाट सोडून दुसरीनें जाणें, अशा साध्या अभ्यासांनीं मनास वळण्याची सवय लावतात. वजन वाढविण्याच्या कामीं तिचा स्वतंत्र गुण सिद्ध झालेला नाहीं; ती मुख्य उपचाराची जोड आहे.

मराठी वाचकांस हा विचार अगदींच परका नाहीं. ‘असें झालेंच पाहिजे’ या हेक्यांत दुःखाचें मूळ पाहणारी आल्बर्ट एलिस यांची 1955 मध्यें सुरू झालेली विवेकनिष्ठ उपचारपद्धति मुंबईच्या कि. मो. फडके यांनीं मराठींत रुजविली. ती या व्याधीसाठीं निर्माण झालेली नव्हे. पण इच्छा आणि हेका यांतील भेद तिच्यामुळें आपल्या भाषेंत स्पष्ट झाला.

हा केवळ श्रीमंत शहरांचा रोग आहे, अशा समजुतीवर कोणीं विसंबूं नये. 1995 सालीं भारतीय डॉक्टरांनीं दिल्लीहून अशा पांच तरुण स्त्रियांचें वृत्त प्रसिद्ध केलें. त्यांत लठ्ठपणाच्या भीतीची नेहमींची खूण दिसत नव्हती. म्हणून वजन घटत आहे, पाळी थांबली आहे, घेरी येत आहे, असें दिसतांच नवस न बोलतां, टोमणे न मारतां आणि संयमाचें कौतुकही न करतां डॉक्टरांकडे जावें. या व्याधीनें प्राण जातात. आधीं ताट, त्याला घराचा आधार, आणि मग विचारांची मोकळीक, हा क्रम दीडशें वर्षांनीं हातीं आलेला आहे. तो घरोघर माहीत असला, तर थांबलेलें पारणें वेळेवर होईल.