सुकडी, मजुरी आणि पाणी

हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे कयाधू नदीच्या परिसरातील लहानसे गाव. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून त्यास नरसी नामदेव असे जोडनाव लाभले. नामदेवांचे जन्मवर्ष परंपरेने १२७० मानले जाते. पंढरपूरही त्यांच्या जन्मावर आपला हक्क सांगते, परंतु तो वाद विद्वानांकडे सोपवून आपण पुढे जाऊ. नामदेवांनी आपल्या आयुष्याचा दीर्घ काळ पंजाबात व्यतीत केला. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात समाविष्ट आहेत आणि २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पंजाबातील घुमान येथे भरले, तेही त्यांच्याच ऋणाची आठवण म्हणून. दोन प्रांत, दोन भाषा आणि दोन धर्मपरंपरा यांना जोडणारा हा शिंपी आपल्या अर्थाने शांतिदूतच म्हटला पाहिजे.

पण नामदेवांच्या चरित्रातील दुसराच एक प्रसंग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि राबणारे मजूर तिच्याखाली गाडले गेले. त्यांत चोखोबा होते. परंपरा सांगते की नामदेव तेथे गेले, त्या ढिगाऱ्यातून त्यांनी चोखोबांच्या अस्थी ओळखून काढल्या आणि पंढरपुरास महाद्वारापाशी आणून त्यांची समाधी बांधली. कथेतील चमत्काराचा भाग क्षणभर बाजूस ठेवू या. गावकीच्या कामावर राबणाऱ्या, मंदिरात पाऊल टाकण्याची मुभा नसलेल्या एका मजुराचे मरण नोंद घेण्याजोगे आहे, असे एका संतास वाटले. ढिगाऱ्याखालच्या बाकीच्यांची नावे मात्र इतिहासाला ठाऊक नाहीत.

वाचकहो, या कथेपासून १९७२ च्या दुष्काळाकडे वळणे काहींना विचित्र वाटेल. नरसी तेव्हा परभणी जिल्ह्यात होते (हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला). सतत तीन वर्षे पाऊस हुलकावणी देत होता आणि तिसऱ्या वर्षी मराठवाडा, सोलापूर, अहमदनगर, पुणे जिल्ह्याचा पूर्वभाग हा सारा मुलूख करपून गेला. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांच्या बोलण्यात अद्याप तीन शब्द येतात : मिलो, सुकडी आणि खडी. मिलो म्हणजे परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, सुकडी म्हणजे वाटपात मिळणारे पौष्टिक पीठ आणि खडी म्हणजे दुष्काळी कामावर फोडायचा दगड. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे अशा कामांवर होती. त्यांत स्त्रिया फार मोठ्या संख्येने होत्या. लहान मुले कामाच्या जागी झाडाला बांधलेल्या झोळीत निजत.

ख्रिस्ती संस्थांनी त्या काळात काय केले, याची नोंद आपल्याकडे पुरेशी झालेली नाही. मिशनच्या आवारात गहू, दुधाची भुकटी आणि तेल वाटले गेले. ते वाटप आवश्यक होते, पण त्याची सावलीही लांब पडली. धान्यासाठी धर्म, हा आरोप आपल्या लोकांना पुढे अनेक वर्षे ऐकावा लागला. याउलट जालन्यास चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनने जे केले त्याविषयी कोणी आरोप केल्याचे ऐकिवात नाही, आणि दुर्दैवाने त्याची कोणास फारशी आठवणही नाही. साठीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून या मंडळींनी दख्खनचा काळा कातळ भेदणारी यंत्रे आणून बोअर घेण्यास प्रारंभ केला. पाणी तर लागले, पण ओतीव लोखंडाचे घरगुती हातपंप गावाच्या वापरापुढे काही आठवड्यांतच मोडू लागले. एका कुटुंबासाठी घडविलेले यंत्र पाचशे माणसांच्या तहानेला कसे पुरणार? तेव्हा जालन्यास पोलादाचा नवा, भक्कम पंप तयार झाला. सोलापुरास त्यात आणखी सुधारणा झाली आणि त्या पंपाच्या आधारे युनिसेफच्या साहाय्याने सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस ‘इंडिया मार्क दोन’ हा हातपंप निघाला. आज आफ्रिकेतील खेड्यांतही दिसणाऱ्या त्या हापशाच्या वंशावळीत मराठवाड्यातील एका मिशनच्या कार्यशाळेचे नाव आहे.

आता विद्वानांकडे येऊ. दुष्काळ ऐन भरात येण्यापूर्वी, जानेवारी १९७१ मध्ये, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याविषयीचा आपला प्रबंध प्रसिद्ध केला. पोटास दिवसाला २,२५० उष्मांक मिळण्यासाठी किती खर्च लागतो, हे त्यांनी मोजले. १९६०-६१ च्या किमतींनुसार खेड्यात माणशी दरमहा १५ रुपये आणि शहरात २२ रुपये ५० पैसे! एवढाही खर्च करू न शकणारे लोक खेड्यांत सुमारे ४० टक्के व शहरांत सुमारे ५० टक्के निघाले. या आकड्यांवर पुढे बरेच वाद झाले. पण त्यांनी सुचविलेला उपाय या आकड्यांहून अधिक धीट होता. ज्याला काम हवे त्याला सरकारने ते दिलेच पाहिजे आणि त्याचा खर्च सुस्थितीतील लोकांनी सोसला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

हेच सूत्र विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे आपल्या परीने मांडत होते. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात १९६५ साली त्यांनी त्याचा लहानसा प्रयोग केला होता. दुष्काळाने तो प्रयोग राज्यभर नेला, १९७७ साली रोजगार हमीचा कायदा विधिमंडळाने संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. कामाची मागणी हा कायद्याने मान्य झालेला हक्क ठरला. पैसा कोठून आला? १९७५ पासून महाराष्ट्रात व्यवसाय कर सुरू झाला तो यासाठी. आपल्या धर्मग्रामातील नोकरदारांनी पगाराची चिठ्ठी नीट पाहावी. बहुतेकांच्या पगारातून दरमहा २०० रुपये या सदराखाली कापले जातात. आपण हा कर भरतो, त्याबद्दल कुरकुरतो, परंतु तो कोणासाठी निघाला हे आपल्याला कोणी सांगितलेले नसते.

या साऱ्याचा अभ्यास पुढे बेल्जियममध्ये जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांनी केला. एवढे मोठे पीक बुडूनही महाराष्ट्रात भूकबळींची लाट का आली नाही, हा त्यांचा प्रश्न होता. धान्य कमी पडले तरी लोकांच्या हाती मजुरी पडत राहिली आणि लोक गप्प बसले नाहीत, मोर्चे निघाले, विधिमंडळात प्रश्न विचारले गेले, हे त्याचे उत्तर त्यांना मिळाले. हेच द्रेझ १९९१ च्या आखाती युद्धाच्या वेळी इराक व सौदी अरेबियाच्या सीमेवरील शांतिशिबिरात जाऊन राहिले होते. २००२ साली त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले आणि २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याचा पहिला मसुदा करणाऱ्यांत ते होते. पुस्तकातला अभ्यास आणि रस्त्यावरचा माणूस यांच्यात अंतर ठेवायचे नाही, असा हा विद्वान. पोप सहावे पॉल यांनी १९६७ च्या आपल्या परिपत्रकात शांती आणि लोकांचा विकास यांचे नाते अतूट मानले होते. सेमिनरीत आम्ही ते परीक्षेसाठी वाचले. त्याचा मराठी मातीतील अर्थ मला या माणसांच्या कामातून कळला.

मजुरीने माणसे जगली, पण जमीन तशीच राहिली. खडी फोडून झालेले रस्ते कोठे जातात हे अनेकदा कोणालाच ठाऊक नसे. म्हणून या इतिहासातील सर्वांत विचार करण्यासारखे पर्व मला विलासराव साळुंखे यांचे वाटते. ते पुण्याचे अभियंता आणि कारखानदार. १९७२ मध्ये पुरंदर तालुक्यातील दुष्काळी कामे पाहून ते अस्वस्थ झाले. नायगाव येथे देवस्थानाची ४० एकर माळरान जमीन त्यांनी भाडेपट्ट्याने घेतली, बांध घातले, पाझर तलाव केला, खाली विहीर घेतली आणि त्या माळावर पीक उभे केले. १९७४ साली ‘ग्राम गौरव प्रतिष्ठान’ स्थापन झाले आणि त्यातून पाणी पंचायत आकारास आली.

पाणी पंचायतीचे नियम थोडे पण कडक होते. पाणी जमिनीच्या एकरांवर नव्हे तर घरातील माणसांवर वाटायचे : माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, आणि कुटुंबास फार तर अडीच एकरांचे. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत विकता येणार नाही, तो समूहाकडे परत येईल. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः उभा करायचा. आणि ऊस लावायचा नाही.

निर्गमाच्या पुस्तकात वाळवंटातील मान्ना कसा गोळा करावा याची आज्ञा आहे, ती येथे आठवल्यावाचून राहत नाही. तंबूत जितकी माणसे तितकी मापे, हाच तेथील हिशेब. साळुंखे यांनी ती ओळ वाचली होती की नाही, हा प्रश्नच नाही. माणसे मोजून वाटण्याचा न्याय तीन हजार वर्षांपूर्वी सिनाईच्या वाळूत सुचला आणि पुरंदरच्या माळावर पुन्हा सुचला, एवढे पुरे. साळुंखे २००२ साली निवर्तले. त्यांच्या तत्त्वाची वाहवा पुष्कळ झाली, अंमल मात्र पुरंदर व आसपासच्या काही गावांपलीकडे फारसा गेला नाही, कारण ऊस नको म्हणणाऱ्यास महाराष्ट्राच्या राजकारणात जागा नसते.

याच काळात अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यात एक येशूसंघीय धर्मगुरू त्याच प्रश्नाशी झुंजत होते. फादर हर्मन बाकर यांचा जन्म १९२४ साली स्वित्झर्लंडमध्ये झाला, १९४८ मध्ये ते भारतात आले. धान्यवाटप आणि विहिरी खोदण्यासाठी मदत यांचा अनुभव त्यांनी भरपूर घेतला होता. विहीर खोदून पाणी येत नाही, डोंगरावर पडलेला पाऊस जिरला तरच ते येते, या साध्या सत्यापाशी ते पोहोचले. काम माथ्यावरून सुरू करायचे आणि पायथ्याशी संपवायचे. आधी समतल चर, मग बांध, शेवटी नाल्यातले बंधारे. १९९२ पासून नाबार्डमार्फत इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम सुरू झाला आणि १९९३ मध्ये फादर बाकर व क्रिस्पिनो लोबो यांच्या पुढाकाराने ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ उभा राहिला. पैसा हवा असेल तर गावाने आधी श्रमदान करून दाखवायचे, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची, ही अट. संगमनेर तालुक्यातील मेंढवण, दरेवाडी ही नावे त्यातून राज्यभर पोहोचली. २००९ मध्ये या संस्थेला पाणीक्षेत्रातील क्योटो पारितोषिक मिळाले. फादर २०२१ साली आपल्या मायभूमीत देवाघरी गेले.

अशा कामाचे गोडवे गाताना एक गोष्ट दडपता कामा नये. चराईबंदीचा भार कोणावर पडतो? ज्याच्याकडे शेत आहे त्याला वाढलेल्या पाण्याचा लाभ मिळतो. जिच्याकडे दोन शेळ्यांखेरीज काही नाही, त्या विधवेला उद्या शेळ्या कोठे चारायच्या हा प्रश्न पडतो. मेंढपाळांचेही तसेच. दरेवाडीसारख्या गावांत या प्रश्नावर रात्री उशिरापर्यंत बैठका चालत. डॉ. मार्सेला डिसोझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महिलांच्या संयुक्त समित्यांचा आग्रह धरला तो याच कारणाने. तरीही साळुंखे यांनी सोडविलेले कोडे, भूमिहीनाला पाण्याचा वाटा, पाणलोट कार्यक्रमाने तितक्या स्पष्टपणे सोडविले असे मला म्हणवत नाही.

दांडेकरांना मराठवाड्याने आणखी एकदा कामास लावले. १९८३ साली नेमलेल्या त्यांच्या समितीने पुढील वर्षी प्रादेशिक अनुशेषाचा हिशेब दिला. तो सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा निघाला व त्यात सिंचनाचा वाटा मोठा होता. हिशेब झाला, वाद झाले, निधी आले आणि कागदांवर जिरले. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. आदल्याच वर्षी पोप फ्रान्सिस यांनी पृथ्वीच्या रक्षणाविषयीचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक काढले होते. तापमान वाढते आहे, पाऊस लहरी झाला आहे आणि त्याचा पहिला फटका ज्याने हवा सर्वांत कमी बिघडविली त्याला बसतो, ही गोष्ट जगाला त्यातून नव्याने कळली असेल. मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्याला ती सांगण्याची गरज नव्हती.

दरवर्षी दसरा-दिवाळी उलटली की मराठवाड्यातील गावांतून, हिंगोलीच्या तांड्यांतूनही, ट्रॅक्टर-ट्रक भरभरून माणसे पश्चिमेकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा मुकादमाचा हिशेब असतो. मागे घरी म्हातारी माणसे राहतात, शाळेच्या पटावर मुलांची नावे राहतात. ही माणसे तोडायला जातात तो ऊसच असतो. नायगावच्या नियमात ज्याला जागा नव्हती तेच पीक.